सफाई बिछान्यापासून: दमा असलेल्या मुलाच्या घरातली धूळ

घरात मुलाला दमा आहे असं कळलं की सफाईचा सपाटा सुरू होतो. टीव्हीचं टेबल, खिडकीची चौकट, पुस्तकांची फळी. बोट फिरवलं की करडी रेघ उमटते तिथे आधी फडकं पोहोचतं. पण त्या रेघेचा आणि मुलाच्या रात्रीच्या घरघरीचा संबंध वाटतो तितका सरळ नाही. टेबलावरची धूळ टेबलावर पडून आहे तोवर कुणाच्या छातीत जात नाही. जी जाते ती बहुतेक वेळा उशीत, गादीत आणि पांघरुणात असते, आणि तिथे बोट फिरवून काहीच दिसत नाही.

घरातली धूळ म्हणजे एक पदार्थ नव्हे. तिच्यात माणसांच्या त्वचेचे सुटलेले पापुद्रे, कपड्यांचे तंतू, बाहेरून आलेली माती, काजळी, बुरशीचे बीजाणू, झुरळांची विष्ठा, प्राण्यांचा कोंडा असं सगळं असतं. यातली माती आणि काजळी श्वासनलिकेला नुसती खुपते. बाकीच्या काही गोष्टींची मात्र अॅलर्जी होते, म्हणजे शरीर त्यांना शत्रू समजून श्वासनलिकेला सूज आणतं. अॅलर्जीच्या यादीत सगळ्यात वरचं नाव आहे डस्ट माइट.

माइट हा कीटक नव्हे. कोळी आणि गोचीड यांच्या कुळातला, आठ पायांचा, पाव ते एक तृतीयांश मिलिमीटर लांबीचा हा जीव नुसत्या डोळ्यांना दिसत नाही म्हटलं तरी चालेल. तो चावत नाही, रक्त पीत नाही. त्वचेचे पापुद्रे खातो आणि पाणी पीत नाही, लागणारा ओलावा थेट हवेतून शोषून घेतो. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, कारण त्याचं मर्मस्थान तिथेच आहे. १९६४ साली नेदरलँड्समधल्या लायडन शहरात फोरहोर्स्ट आणि स्पीक्स्मा या संशोधकांनी घरातल्या धुळीच्या अॅलर्जीमागे हाच जीव असल्याचं दाखवलं. तोवर 'घरातली धूळ सोसत नाही' एवढंच म्हटलं जायचं.

खरा उपद्रव माइटच्या विष्ठेचा. एक माइट दिवसाला साधारण २० कण टाकतो. त्यातली प्रथिनं श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराचे सांधे सैल करतात. म्हणून माइट मेला तरी प्रश्न संपत नाही, कण जागेवरच राहतात. हे कण १० ते ४० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे धुळीच्या मानाने जड. हलवले की उडतात आणि अर्ध्या तासाच्या आत बरेचसे पुन्हा खाली बसतात. शांत खोलीतल्या हवेत ते जवळपास नसतातच.

पुढची सगळी कामं या एका गोष्टीवर ठरतात. मूल रात्री नऊ-दहा तास उशीत तोंड खुपसून झोपतं, कुशी बदलतं, पांघरूण ओढतं, आणि दर हालचालीला नाकापासून वीतभर अंतरावर कण उडतात. ते खाली बसायच्या आत श्वासाबरोबर आत गेलेले असतात. दिवाणखान्यात तासभर जास्त झाडून यात काही फरक पडत नाही.

आधी कारण शोधा

सगळ्याच मुलांना माइटची अॅलर्जी नसते. मांजर, झुरळ, बुरशी, परागकण यांपैकी काहीही असू शकतं, आणि काही मुलांचा दमा अॅलर्जीचा नसतोच. त्यामुळे गादीच्या कव्हरवर पैसे घालण्याआधी तपासणी करून घ्यावी. त्वचेवर टोचून केली जाणारी प्रिक टेस्ट १५-२० मिनिटांत निकाल देते. तिच्याआधी अॅलर्जीच्या गोळ्या किंवा सिरप काही दिवस बंद ठेवावं लागतं. किती दिवस, ते डॉक्टरांना विचारा. इन्हेलर मात्र स्वतःहून बंद करायचा नाही. रक्ताच्या चाचणीला औषध थांबवावं लागत नाही. आणि चाचणीत एखादी गोष्ट 'पॉझिटिव्ह' आली म्हणजे तिनेच त्रास होतो असंही नाही. झोपल्यावर, पहाटे, गादीवर उड्या मारल्यावर किंवा पेटीतली पांघरुणं काढल्यावर खोकला वाढतो का, हे चाचणीच्या जोडीला पाहायचं असतं.

बिछाना

गादी आणि उशीला माइट-रोधक कव्हर घालणं हे पहिलं काम. ही साधी खोळ नव्हे. कापडाची वीण इतकी घट्ट हवी की छिद्रं १० मायक्रॉनपेक्षा लहान असतील; ६ मायक्रॉनच्या आसपास असलेली चांगली. पाकिटावर 'अँटी-अॅलर्जी' लिहिलंय पण छिद्राचा आकार लिहिलेला नाही, तर ते कव्हर सोडून द्या. घट्ट विणलेलं कापड घ्या. प्लास्टिकचा नुसता थर असलेलं कव्हर गरम होतं, घाम येतो, मूल झोपत नाही आणि चार दिवसांत ते कव्हर माळ्यावर जातं.

कव्हर सहाही बाजूंनी बंद होणारं हवं. वरून ताणून बसवायचं, खाली इलॅस्टिक असलेलं कव्हर उपयोगाचं नाही, खालची बाजू उघडी राहते. मापं घेताना लांबी-रुंदीबरोबर गादीची जाडी मोजा. इथे हमखास चूक होते, आणि मग चेन ओढताना शिवण उसवते. चेनच्या टोकाला जो बोटभर उघडा भाग राहतो, त्यावर कापडी चिकटपट्टी लावा. कव्हर घालण्याआधी गादी कोरडी ठणठणीत असू द्या, नाहीतर आत बुरशी धरेल. नंतर दर आठवड्याला चादर बदलताना कव्हरवरून ओलं फडकं फिरवायचं आणि शिवणी, कोपरे तपासायचे. कव्हर सारखं धुवायची गरज नाही.

खोलीत भावंडाचा पलंग असेल तर त्यालाही कव्हर हवं. मूल मध्यरात्री आईबाबांच्या कुशीत येत असेल तर त्यांच्या गादीलाही. एकावर एक असे पलंग असतील आणि मूल सहा वर्षांपेक्षा मोठं असेल, तर दमा असलेल्या मुलाला वरचा द्या. खाली झोपणाऱ्याच्या तोंडावर वरच्या गादीतली धूळ झडत असते.

चादर, अभ्रा आणि पांघरूण आठवड्यातून एकदा ६० अंश सेल्सियसच्या पाण्यात धुवायचं. ५५ अंशांच्या वर माइट मरतात, ४० अंशांना बहुतेक जगतात. गार पाण्यात विष्ठेचे कण बरेचसे वाहून जातात, पण माइट कापडाला धरून राहतात आणि पुन्हा वसाहत उभी करतात. मशीनमध्ये हीटर नसेल तर बादलीत गरम पाणी घेऊन भिजवता येतं. फक्त एक लक्षात घ्या, ६० अंशांचं पाणी गार कपड्यांवर ओतलं की मिश्रण ४५ च्या खाली येऊ शकतं. कपडे थोडे, पाणी भरपूर, झाकण बंद, आणि तापमान थर्मामीटरने बघा. हे पाणी काही सेकंदांत कातडी भाजतं, म्हणून बादली मुलाच्या वाटेत ठेवू नका.

लोकरीचं ब्लँकेट किंवा जाड रजई ६० अंशांत टिकत नाही. असं पांघरूण बदलून दोन-तीन पातळ, धुता येणारी पांघरुणं एकावर एक घ्यावीत. रजई ठेवायचीच असेल तर तिलाही माइट-रोधक कव्हर घाला.

आता उन्हाबद्दल. गादी कडक उन्हात टाकणं वाया जात नाही. कोरडी उष्णता माइटना मानवत नाही. पण गादी जाड असेल तर पृष्ठभाग तापतो आणि माइट आत, गार बाजूला सरकतात. शिवाय मेलेल्यांचा कचरा आतच असतो. त्यानंतर गादी काठीने बडवली तर तो कचरा हवेत उडतो आणि बडवणाऱ्याच्या अंगावरून घरात परत येतो. ऊन द्या, दोन्ही बाजूंनी द्या, पण बडवणं मूल घरात नसताना, दारापासून लांब, तोंडाला एन-९५ मास्क लावून. कव्हर घातलेल्या गादीला याची गरज उरत नाही.

मऊ खेळणी हा हळवा विषय आहे, सगळी काढून घेतली तर रडारड होणार. एक किंवा दोन लाडकी ठेवा. ती ६० अंशांत धुता येत असतील तर उत्तम. नसतील तर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांना निदान २४ तास ठेवा, मोठं अस्वल असेल तर दोन दिवस. फ्रीजच्या आतला छोटा बर्फाचा कप्पा बऱ्याचदा तेवढा गार होत नाही. गारठ्याने माइट मरतात, कण तसेच राहतात, म्हणून नंतर गार पाण्यात धुवायचं आणि आतला कापूस पूर्ण वाळेपर्यंत वाळवायचं. अर्धवट वाळलेलं खेळणं म्हणजे बुरशीला आमंत्रण.

हवेतला ओलावा

माइटला पाणी हवेतून मिळतं, तेव्हा हवा कोरडी केली की तो सुकतो. खोलीची सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली सतत राहिली तर त्यांची संख्या आठवड्यांमध्ये घटते. ७० ते ८० टक्क्यांना ते फोफावतात. आर्द्रता नुसती अंदाजाने कळत नाही. छोटा डिजिटल आर्द्रतामापक घ्या आणि पलंगाच्या उंचीवर, खिडकी आणि न्हाणीघरापासून लांब ठेवा.

स्वस्त मापक पाच-सात टक्के चुकू शकतो. तो घरीच तपासता येतो: बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यात थेंब थेंब पाणी घाला, मीठ ओल्या वाळूसारखं व्हावं, विरघळू नये. झाकण आणि मापक एका हवाबंद पिशवीत आठ ते बारा तास ठेवा. आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मापक ८० दाखवत असेल तर तो पाचने पुढे आहे.

ओलावा कुठून येतो ते पाहा. घरात वाळत घातलेल्या एका धुण्यातून एक-दोन लिटर पाणी हवेत जातं. अंघोळीनंतर दार उघडं राहिलं तर वाफ खोलीत येते. भिंतीत पाझर असेल तर आधी तो बंद करा. बुरशीवर रंग लावणं म्हणजे जखमेवर पावडर मारणं. गादी, उशी किंवा गालिचा भिजला तर २४ ते ४८ तासांत पूर्ण वाळला पाहिजे, त्यानंतर बुरशी मूळ धरते. सकाळी पांघरुणाची लगेच घडी घालू नका, तासभर पसरून ठेवा, रात्रीचा घाम उडून जाऊ द्या.

बाहेरची हवाच दमट असेल तर खिडक्या उघडून आर्द्रता कमी होणार नाही, उलट वाढेल. तिथे हवेतला ओलावा काढणारा डीह्युमिडिफायर किंवा एसीचा ड्राय मोड कामाला येतो, खिडक्या बंद ठेवून. एसीची जाळी दर पंधरा दिवसांनी धुऊन, वाळवून बसवा. खोकणाऱ्या मुलासाठी खोलीत रात्रभर हवेत ओलावा सोडणारा ह्युमिडिफायर लावून ठेवणं मात्र माइटची अॅलर्जी असेल तर उलटं काम करतं.

झाडायचं कसं

कोरड्या केरसुणीने जोरात झाडणं आणि पिसांच्या झटकणीने फर्निचर झटकणं ही धूळ काढायची नव्हे, उडवायची साधनं आहेत. मायक्रोफायबरचं फडकं पिळून ओलसर करा. ओलं गच्च नको, नुसतं दमट. दर दोन-तीन पुसण्यांनी ते स्वच्छ पाण्यात खळबळून घ्या, नाहीतर इथली धूळ तिथे लागते. क्रम नेहमी वरून खाली. पंख्याच्या पात्याला जुना अभ्रा पिशवीसारखा घालून बाहेर ओढा, धूळ त्यातच पडते. मग कपाटाचा माथा, फळ्या, खिडकी, पलंगाची चौकट, शेवटी फरशी. झोपायची खोली आठवड्यातून दोनदा, बाकी घर नेहमीसारखं.

हे सगळं चालू असताना आणि त्यानंतर किमान अर्धा तास मूल त्या खोलीत नको. शक्य असेल तर ते शाळेत असताना उरका. रात्री झोपायच्या आधी खोली झाडणं हा सगळ्यात वाईट मुहूर्त.

व्हॅक्यूम क्लीनर घेतलात तर दोन गोष्टी पाहा. एक, हेपा फिल्टर, जो ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. 'हेपासारखा' असं लिहिलेला तो नव्हे. दुसरी गोष्ट जाहिरातीत नसते: यंत्राचे सांधे. फिल्टर उत्तम पण डबी ढिली असेल तर हवा फिल्टरला वळसा घालून बाहेर येते. अंधाऱ्या खोलीत यंत्र चालू करून मागच्या जाळीजवळ टॉर्चचा झोत धरा. झोतात कण नाचताना दिसले तर यंत्र गळतंय. पिशवीचं यंत्र डबीच्या यंत्रापेक्षा बरं, कारण डबी रिकामी करताना ढग उठतो. रिकामी करायची ती घराबाहेर, आणि ते काम मुलाला देऊ नका. गालिचा असेल तर हात सावकाश फिरवा. तरीही व्हॅक्यूम वरवरची धूळ काढतो, खोलवरचे माइट धाग्यांना धरून बसतात. झोपायच्या खोलीत गालिचाच नसावा हे बरं. वाफेने किंवा शॅम्पूने गालिचा धुतला आणि तो ओला राहिला, तर आधीपेक्षा वाईट.

जड पडदे काढून धुता येणारे सुती पडदे लावा आणि महिन्यातून एकदा धुवा. पुस्तकं दाराच्या कपाटात ठेवा, पलंगाखालचा पसारा दुसऱ्या खोलीत न्या.

न लागणारा खर्च

एअर प्युरिफायर वाईट नाही, पण माइटसाठी त्याच्याकडून फार आशा ठेवू नका. माइटचे कण जड, ते हवेत तरंगून यंत्रापर्यंत पोहोचतच नाहीत. मांजराच्या अॅलर्जीचे कण मात्र बारीक असतात आणि तासन्‌तास तरंगतात, धुराचंही तसंच. तिथे प्युरिफायर उपयोगी. घेताना खोलीचं क्षेत्रफळ चौरस फुटांत मोजा आणि यंत्राचा सीएडीआर, म्हणजे ते किती वेगाने स्वच्छ हवा देतं तो आकडा, घनफूट प्रति मिनिट या एककात, त्या क्षेत्रफळाच्या आकड्याच्या दोन तृतीयांश तरी हवा: १५० चौरस फुटांच्या खोलीला १००. ओझोन सोडणारी यंत्रं मुळीच नकोत, ओझोन स्वतःच श्वासनलिका चिडवतो. मांजर घरातून गेल्यावरही त्याचे अॅलर्जीचे कण सोफ्यात, भिंतींवर चार-सहा महिने टिकतात, हेही माहीत असू द्या, नाहीतर दोन आठवड्यांत 'फरक पडला नाही' असा निष्कर्ष निघतो.

माइट मारायचे फवारे, सुगंधी स्प्रे, ब्लीचचा मारा यांनी श्वासाला त्रासच होतो. फरशीला साधा साबण पुरतो. झुरळं असतील तर स्प्रेऐवजी जेलचे थेंब भेगांमध्ये लावा आणि मेलेली झुरळं, विष्ठा ओल्या फडक्याने पुसून घ्या. आणि घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर वरची सगळी मेहनत निम्म्याहून जास्त वाया जाते. खिडकीत उभं राहून ओढली तरी.

किती फरक पडतो

इथे खरं सांगायला हवं. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या ब्रिटिश चाचणीत ११२२ प्रौढ रुग्णांना कव्हरं दिली, अर्ध्यांना खरी आणि अर्ध्यांना साधी. नुसत्या कव्हरने दम्यात फरक पडला नाही. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या सात शहरांतल्या ९३७ मुलांची चाचणी प्रसिद्ध झाली. तिथे प्रत्येक मुलाची अॅलर्जी तपासून त्यानुसार कव्हर, हेपा व्हॅक्यूम, झुरळांचा बंदोबस्त, धुराबद्दल सल्ला असं सगळं एकत्र केलं, आणि त्रासाचे दिवस कमी झाले. २०१७ मध्ये इंग्लंडमधल्या २८४ माइट-अॅलर्जिक मुलांच्या चाचणीत खरं कव्हर मिळालेल्यांपैकी सुमारे २९ टक्के मुलांना वर्षभरात दम्याच्या झटक्यासाठी तातडीने रुग्णालयात न्यावं लागलं, साध्या कव्हरवाल्यांत सुमारे ४२ टक्के. स्टेरॉइडच्या तोंडी औषधांची गरज मात्र कमी झाली नाही.

म्हणजे एकच उपाय, कारण न शोधता केलेला, बहुतेक वेळा फुकट जातो. योग्य मुलासाठी, तीन-चार उपाय एकत्र आणि महिनोन्‌महिने टिकवून केले तर उपयोग दिसतो. पहिल्या आठवड्यात काही घडणार नाही. तीन महिने वहीत नोंद ठेवा: कुठल्या रात्री खोकल्याने जाग आली, निळा आराम देणारा इन्हेलर किती वेळा लागला, खोलीची आर्द्रता किती होती. ही वही डॉक्टरांना दाखवा. रोजचा प्रतिबंधक इन्हेलर कमी करायचा की नाही ते त्यावरून डॉक्टर ठरवतील; घर स्वच्छ झालं म्हणून आपण ठरवायचं नाही. मूल एक वाक्य सलग बोलू शकत नसेल, श्वास घेताना बरगड्यांमधली जागा आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा इन्हेलरचा आराम चार तासही टिकत नसेल, तर थेट रुग्णालय गाठायचं.

घरचा बिछाना सुधारला की पुढचा धक्का बहुधा सुट्टीत, दुसऱ्याच्या घरी बसतो. पाहुणे येणार म्हणून महिनोन्‌महिने बंद असलेल्या कपाटातली गादी आणि रजई बाहेर काढली जाते, प्रेमाने झटकून मुलासाठी अंथरली जाते, आणि पहाटे तीनला खोकला सुरू होतो. निघताना मुलाची कव्हर घातलेली उशी, धुतलेली चादर आणि पातळ पांघरूण बॅगेत घ्या. यजमानांना आधी फोन करून सांगा की अंथरूण आदल्या दिवशीच काढून धुवा, निदान मूल पोहोचायच्या चार-पाच तास आधी झटका. आणि इन्हेलर, स्पेसर (इन्हेलरला जोडायची नळी) सामानाच्या बॅगेत नको, हाताशी ठेवा.